उजवा घोटा परत परत मुरगळतोय. बॅलन्सचे व्यायाम खरंच उपयोगी पडतात का?

घाटरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहतो, चाळिशी तोंडावर आलीय, नोकरी खुर्चीतली. आठवड्यातून तीन दिवस जिम, दोन दिवस पळणं. डोक्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: 21 किलोमीटर, पहिलं निम्मं यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं वर, आणि उरलेलं निम्मं तोच रस्ता उतरत परत गावात. चढाचं काही वाटत नाही. उतार म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण उजवा घोटा.

पहिल्यांदा पाय गेला तो जिममध्येच. बॉक्स जंप मारून खाली उतरलो तर कुणीतरी बाजूला टाकलेल्या प्लेटच्या कडेवर पाऊल पडलं आणि आत वळलं. बाहेरच्या बाजूला टम्म सूज. बर्फ, क्रेप बँडेज, एक्स-रे झाला, हाड शाबूत निघालं. सूज उतरली, चालायला लागलो, परत व्यायाम सुरू केला. मग अजिंक्यताऱ्यावरून उतरताना एवढासा दगड पायाखाली आला आणि परत तोच पाय, तीच बाजू. आता तर पोवई नाक्यावर फोनवर बोलत सरळ चालत असलो तरी मधेच घोटा दगा देतो. दुखत नाही, सूज नाही, पण पायावरचा भरवसाच उडालाय.

गंमत म्हणजे पायात ताकद भरपूर आहे. स्क्वॉट माझ्या वजनापेक्षा बराच जास्त मारतो. ट्रेनर म्हणतो, "सर, अँकल वीक आहे, काफ रेझ (टाचा उचलायचा व्यायाम) वाढवा." आणि बॅलन्ससाठी म्हणून त्या अर्ध्या चेंडूवर, बोसूवर, हातात डंबेल्स देऊन स्क्वॉट मारायला लावतो. समोरच्या आरशात स्वतःला लटलटताना बघून मलाच हसू येतं. एक मित्र आहे, तो गच्चीवर नायलॉनची शिडी पसरून टपाटप पावलं टाकतो. त्याच्या मते खरी अ‍ॅजिलिटी, म्हणजे चपळाई, ती.

तर जाणकारांनी सांगावं, या सगळ्यानं दुखापत टळते का, की नुसता देखावा आहे? आणि ताकद असताना घोटा असा का वागतो?

पायपीट

मेडिकलमधून अँकल सपोर्ट आणा, लेस बांधायचा येतो तो. उतारावर घाला आणि विसरून जा. मी गेली काही वर्षं सह्याद्रीत तसाच हिंडतोय. बॅलन्स-बिलन्स सगळी फॅडं आहेत, शहरातल्या जिमवाल्यांना महिन्याची फी वसूल करायला काहीतरी नवीन लागतंच.

लालमाती

कोल्हापूरकर. आमच्या तालमीत बोसू कुणी बघितला नव्हता. हौद्यात अनवाणी उतरायचं, खोऱ्यानं माती उकरायची, त्याच मऊ मातीत जोर, बैठका, लढत. पायाखाली माती सारखी हलते, पाऊल आपोआप शहाणं होतं. आधी ते गादीसारखे बूट काढून ठेवा भाऊ, निम्मं दुखणं तिथंच जाईल.

हुलकावणी

मी फिजिओ आहे, दवाखाना सांगलीला. कॉलेज संपेपर्यंत खो-खो खेळले, आता संध्याकाळी एका शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ताकद आहे, दुखत नाही, तरी घोटा दगा देतो, हे तुम्हाला गमतीचं वाटतंय, पण माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंचं हे रोजचं गाऱ्हाणं आहे. पाऊल आत वळतं तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली जाते, बहुतेकदा त्यातली पुढची. ती हाडाला हाड बांधून ठेवते एवढंच तिचं काम नाही. तिच्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल या क्षणी कुठल्या कोनात आहे याची खबर ती वर पाठवत असतात. लिगामेंट भरून येते, सूज उतरते, पण खबर मात्र उशिरा किंवा अर्धवट पोचत राहते. 1965 मध्ये ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी केली आणि मुरगळलेल्या घोट्याला डगमगत्या फळीवर उभं करायची पद्धत पुढे रुळली. नंतर त्या मांडणीत बरीच भर पडली, मेंदूकडून खाली येणारा हुकूमही बदलतो हे कळलं, पण उपाय टिकून राहिला.

आता ताकदीचं. घोटा वळायला लागला की इजा डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जाते. नडगीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू पाऊल सावरतात, पण वळल्यावर जागे होऊन ते आवळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे हे स्नायू पाऊल टेकायच्या आधीच थोडे ताणून तयार असायला हवेत. हे काफ रेझनं येत नाही. काफ रेझ जरूर करा, पण तो पाऊल सरळ खाली दाबायला शिकवतो. बाजूला कलंडणारं पाऊल सावरणं ही वेगळी विद्या.

आणि ही विद्या घरी, कुणी समोर उभं न राहता शिकता येते. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेले 522 खेळाडू घेतले होते, निष्कर्ष 2009 मध्ये छापून आले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला 8 आठवड्यांचे घरगुती तोल सांभाळायचे व्यायाम दिले. वर्षभरात ज्यांनी व्यायाम केले त्यांच्यातल्या 22 टक्के लोकांचा घोटा परत गेला, बाकीच्यांत 33 टक्के. जादू नाही, पण फरक चांगलाच आहे.

पायपीट, तुम्ही याला फॅड म्हणालात तरी तुमच्या पट्ट्याची बाजू मी घेणार आहे. त्याच देशात 2014 मध्ये तिहेरी तुलना झाली: एक गट 8 आठवडे व्यायाम करणारा, एक खेळताना वर्षभर पट्टा घालणारा, एक 8 आठवडे दोन्ही करणारा. परत मुरगळण्याचं प्रमाण अनुक्रमे 27, 15 आणि 19 टक्के आलं. पट्ट्यानं पहिला नंबर काढला. पण दुसऱ्यांदा मुरगळला तर तो किती जोरात मुरगळतो, त्यात पट्ट्यानं काही फरक पडला नाही. शिवाय पट्टा पावसात भिजतो, घरी विसरतो, आणि पोवई नाक्यावर फोनवर बोलताना तो कुणी घालत नाही. म्हणून मी माझ्या पेशंटना दोन्ही सांगते. उताराला, खेळाला पट्टा, आणि घरी व्यायाम.

बोसूवर डंबेल्स घेऊन स्क्वॉट मात्र थांबवा. डळमळत्या जागेवर स्नायूला पूर्ण जोर लावता येत नाही, म्हणजे ताकदीचा व्यायाम म्हणून तो लंगडा. आणि दोन्ही पाय एकदम टेकलेले असल्यामुळे तुमचा उजवा घोटा डाव्याच्या आडोशाला लपतो. वर हातात वजन, म्हणजे पडलात तर दुहेरी खर्च. जड स्क्वॉट जमिनीवर, तोलाचा व्यायाम वेगळा, दोन्हीची खिचडी नको.

सुरुवात अशी करा. अनवाणी, साध्या फरशीवर, उजव्या पायावर उभं राहायचं. गुडघा किंचित वाकलेला, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही टेकलेली. स्वयंपाकघरातला ओटा हाताशी ठेवा, धरू नका. 30 सेकंद, मग डावा. दोन-तीन फेऱ्या. हे सोपं वाटलं की डोळे मिटा आणि काय होतं ते बघा. डोळे उघडे असतात तोवर नजर घोट्याचं काम उरकून देत असते, मिटले की सगळा भार कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवर आणि पावलांवर येतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूला हात लावलात तर तिथले स्नायू फडफडताना लागतील. ती फडफडच आपल्याला हवी आहे. ते जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. मग त्याच पायावर उभं राहून घरातल्या कुणाकडून तरी चेंडू झेलायचा, म्हणजे लक्ष पायावरून काढून घ्यायचं. घाटात तुमचं लक्ष पायावर थोडंच असतं, ते समोरून येणाऱ्या गाडीवर असतं.

त्यानंतर उडी. एका पायावर पुढे छोटी उडी मारून तिथंच थांबायचं, तीन आकडे मोजायचे. पाऊल सरकलं, दुसरा पाय टेकला, गुडघा आत गेला, तर ती उडी बाद. माझ्या मुलींना मी सांगते, टेकताना आवाज माझ्यापर्यंत आला नाही पाहिजे. एवढ्या एका सांगण्यानं गुडघा, खुबा आपोआप वाकतात. पुढे, मग बाजूला, मग तिरकं, मग अर्धं वळून. घाई करू नका, एक पायरी आठवडा-दोन आठवडे घटवल्याशिवाय पुढची नको. आणि हे जिममधल्या पायांच्या जड व्यायामाच्या आधी, ताजे असताना. मी वॉर्मअपमध्येच घालते. फिफाच्या वैद्यकीय लोकांनी फुटबॉलसाठी 20 मिनिटांचा वॉर्मअप बसवला आहे, पळणं, एका पायाचा तोल, उड्या, दिशा बदलणं, सगळं त्यात. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींच्या संघांवर तो वापरून बघितला, 2008 मध्ये आकडे आले, आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या.

शिडीबद्दल. तुमच्या मित्राला पळवून लावू नका, पाय हलके होतात, घाम निघतो. पण शिडीत पुढचं पाऊल कुठं पडणार ते आधीच ठरलेलं असतं, तो पाठांतराचा प्रकार झाला. चपळाई म्हणजे समोरचं बघून, त्या क्षणी, वेग किंवा दिशा बदलणं. खो-खोत आक्रमकानं एकदा दिशा धरली की त्याला मागे फिरता येत नाही, खांबाला वळसा घालावा लागतो. पळणारी मुलगी त्याचाच फायदा घेते. तो धावत अंगावर येतो, ती एका खांद्यानं डावीकडे जायचं सोंग करते, त्याचं वजन तिकडे गेलं की उजवीकडे निसटते. नीट बघा, चांगली खेळाडू वळायच्या आधी दोन-तीन पावलं एकदम आखूड टाकते आणि कंबर खाली घेते. नवखी मुलगी लांब टांग टाकून टाचेवर ब्रेक मारते आणि तिथंच वळायला बघते. घोटे आणि गुडघे जातात ते नवखीचे. म्हणून माझ्या मैदानावर वेग नंतर, थांबणं आधी. दहा मीटर पळा, मी टाळी वाजवली की तीन पावलांत थांबा. मग टाळीऐवजी हात दाखवते, ज्या बाजूला हात त्या बाजूला वळायचं. तुमचा मित्र आहेच, शिडी गुंडाळून त्याला समोर उभा करा आणि हात दाखवायचं काम द्या.

घाट उतरणं म्हणजे सतत ब्रेक मारणंच आहे. पावलं आखूड, पटापट, शरीराच्या खाली पडणारी. नजर पायाशी नाही, तीन-चार पावलं पुढे.

लालमाती, बूट काढण्याला माझं निम्मं हो. तोलाचे व्यायाम अनवाणीच. पण वर्षानुवर्षं बुटात असलेला पाय एका दिवसात डांबरी घाटावर अनवाणी पळवलात तर पोटऱ्या आणि टाचा बोंबलतील. हौद्यातली माती मऊ असते हो, आणि तिथंही मोडलेले गुडघे मी कमी बघितले नाहीत.

जाता जाता एक घरगुती मोजमाप. फरशीवर खडूनं सरळ रेघ ओढा. रेघेच्या सुरुवातीला उजव्या पायाचा अंगठा ठेवून उभं राहा, टाच उचलू नका, आणि डावा पाय रेघेवरून पुढे जितका लांब नेता येईल तितका नेऊन बोटांनी नुसता स्पर्श करा, वजन टाकू नका. परत जागेवर येता आलं पाहिजे. तिथं खूण करा, पट्टीनं मोजा. तीनदा करा, सगळ्यात मोठा आकडा घ्या, मग पाय बदला. अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंची अशी मापं घेतली होती, दोन पायांत 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत व्हायची शक्यता अडीचपट निघाली. तुमचं वय वेगळं, खेळ वेगळा, तेव्हा आकडा जसाच्या तसा लावू नका. पण कुठला पाय मागं आहे ते कळेल.

घाटरस्ता

ताई, दंडवत. रात्री हॉलमध्ये खडूची रेघ ओढून मोजलं, बायको विचारत होती आता भूमितीचा क्लास कशाला. उजव्यावर उभं राहिलो की पोच डाव्यापेक्षा चांगली 6 सेंटिमीटर कमी. आणि उजव्यावर डोळे मिटून उभा राहिलो तर पाच आकडे मोजायच्या आत ओट्याला लोंबकळलो. डाव्यावर तसं काही नाही. एवढं जड स्क्वॉट मारणारा माणूस एका पायावर उभा राहू शकत नाही हे बघून धक्काच बसला.

वाकताना घोटा पुढे जायला अडतो असंही वाटलं, टाच उचलायला बघते. ते काय असेल?

दुपारचा_चहा

मधेच घुसते, क्षमस्व. मी बॅडमिंटन खेळते, दुखणं घोट्याचं नाही, गुडघ्याचं, वाटीच्या खाली, जुनंच. हे वाचून बॅलन्स बोर्ड मागवायच्या बेतात होते. मागवू का?

हुलकावणी

@दुपारचा_चहा, थांबा जरा. नेदरलँड्समध्येच व्हॉलीबॉल संघांवर बॅलन्स बोर्डचा प्रयोग झाला होता, 2004 चा. ज्यांचा घोटा आधी मुरगळला होता त्यांना फायदा झाला, पण ज्यांचा गुडघा आधीच दुखावलेला होता त्यांच्यात अतिवापराचं गुडघेदुखणं वाढलं. बोर्डाच्या जाहिरातीत हे कुणी छापत नाही. वाटीच्या खालचं जुनं दुखणं बहुधा टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं, असतं आणि त्याला हळूहळू वाढवत नेलेलं वजन मानवतं, डगमगणं नव्हे. आधी कुणाला तरी हात लावून तपासू द्या. पैसे वाचले त्यात शटल घ्या.

@घाटरस्ता, 6 म्हणजे फरक मोठा आहे. टाच उचलते त्याचं उत्तर तुम्हीच दिलंत. मुरगळल्यानंतर पुष्कळांचा घोटा पुढे वाकायला आखडतो आणि तेवढी पोच आपोआप कमी होते. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, पाऊल भिंतीपासून चार बोटं लांब, टाच टेकवून गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करा. लागला की पाऊल थोडं मागं घ्या. रोज सकाळी दोन्ही पायांनी. घोट्याच्या पुढच्या बाजूला आत चिमटा बसल्यासारखं दुखलं तर रेटू नका, दाखवून घ्या.

पायपीट, तुम्ही एकटे हिंडता म्हणून तुमच्यासाठी. डोंगरात पाय मुरगळला आणि चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात त्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, बोटानं दाबल्यावर हाडात कळ आली, तर पट्टा आवळून पुढे चालायचं नाही, एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो, तिथं दुखलं तरी तेच.

पायपीट

हे माहीत नव्हतं. लिहून ठेवलं. फॅड हा शब्द अर्धा मागे घेतो, बोसूपुरता राहू दे.

घाटरस्ता

शेवटचा प्रश्न, मग पिडत नाही. पळणं पूर्ण बंद करू का? आणि उतार कधी सुरू करू?

हुलकावणी

बंद कशाला? सपाटीवर पळा, चढ चढा. चढताना वेग कमी, पाऊल वरच्या बाजूला टेकतं, घोट्यावर आदळआपट नसते. उतार मात्र तेव्हा, जेव्हा खडूच्या रेघेवरचा फरक कमी झालेला असेल, उजव्या पायावर तिरकी उडी मारून तीन आकडे हलायचं नाही हे डाव्याइतकंच जमत असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना घोटा कुरकुरत नसेल. तिन्ही पाहिजेत, दोन चालणार नाहीत. मग पट्टा घालून घाटातला सगळ्यात खालचा सौम्य टप्पा, तोही कोरड्या दिवशी. यंदाची शर्यत यात बसली तर बसली.

पायपीट

म्हणजे वर पळत जायचं आणि खाली गाडीनं यायचं. बामणोलीकडून साताऱ्याला येणारी एस.टी. यवतेश्वरवरूनच खाली उतरते, हात केला तर थांबते बहुतेक वेळा. सुटे पैसे खिशात ठेवा, घामानं भिजलेली नोट कंडक्टर घेत नाहीत.